दोन नंबरचा शर्ट

झिला,

परवा रात्री तू उठून गेलास आणि तुझी यादी पडवीतच राहिली. सकाळी केर काढताना तुझ्या काकीने उचलून माझ्या हातात दिली. वहीचं पान, चार घड्या केलेलं. दहा नावं एका बैठकीत लिहिलेली आहेत आणि दोन नंबरच्या जागी पेन इतकं फिरलंय की कागदाला भोक पडलंय. एक नाव लिहून खोडलंस, वर दुसरं लिहिलंस, ते खोडून परत पहिलं, आणि शेवटी तेही खोडलंस. कागद उजेडाकडे धरला तर त्या भोकातून अंगणातली तुळस दिसते.

परवा मी तुझ्यावर ओरडलो. ओरडायला नको होतं. फुटबॉलच्या फायनलला दोन नंबरवर, म्हणजे राइट बॅकला, आपलाच पोरगा खेळवायचा की गोव्याहून एक आणायचा, हे तू विचारायला आला होतास, आणि विचारायला येणारे कॅप्टन फार नसतात. पण तू म्हणालास, "काका, टीम जिंकवायची की दोस्ती सांभाळायची?" आणि माझं डोकं फिरलं. ह्यात दोस्तीचा काय संबंध? तो राइट बॅक तुझा दोस्त आहे म्हणून त्याला खेळव, असं मी एकदा तरी म्हणालो का? तो जून महिन्यापासून रोज येतो म्हणून त्याला खेळव, एवढंच मी म्हणतोय. रोज येणारा खेळला पाहिजे. हे मी ह्या पत्रात परत लिहीन, तुला कंटाळा आला तरी.

तू ज्या माळावर खेळतोस तिथले पहिले गोलपोस्ट आम्ही उभे केले, हे तुला माहीत आहे. पोफळीचे खांब होते. चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच हे माप आमच्या गोलकीपरने रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, दोरीला गाठी मारून घेतलं, आणि फाटलेल्या रापणीचाच एक तुकडा मागे जाळी म्हणून बांधला. बॉल आत गेला की सुक्या बांगड्याचा वास यायचा. पावसाळ्यात माळावर गवत असायचं तोवर ठीक, दिवाळीनंतर खालचा जांभा दगड उघडा पडायचा. एकेकाचे गुडघे बारमाही सोललेले.

आमचा गोलकीपर रापणकर. त्याच्या हातातून ओला बॉल निसटलेला मी क्वचित पाहिला. ज्याने जन्मभर ओल्या दोऱ्या ओढल्या त्याला बॉल काय जड! तो ब्रह्मानंद शंखवाळकरांचा भक्त. पलीकडे गोव्यात आपल्यासारखंच मासे-भात खाऊन मोठा झालेला माणूस भारताचा कॅप्टन झाला, ह्याचा त्याला स्वतः खेळल्याइतका अभिमान. स्टॉपर, म्हणजे बचावात मधोमध खेळणारा, एसटीत कंडक्टर. त्याची ड्युटी आठवड्याला बदलायची, पण तो रविवारी संध्याकाळी येऊन मला सांगून जायचा, "ह्या हप्त्यात मंगळवार आणि शुक्रवार." त्या दोन दिवशी तो गणवेशावरच मैदानात उतरायचा, बूट बदलायचा आणि खेळायचा. लेफ्ट विंगला प्राथमिक शाळेतले गुरुजी होते. पास द्यायचाच नाही असं व्रत घेतल्यासारखे खेळायचे, पण कोणी पडला की पहिले धावत जायचे तेच. ट्रॉलरवर जाणारे दोघे पावसाळ्यात मासेमारी बंद असायची तेव्हा पहाटेपासून माळावर असायचे, आणि बंदी उठली की दिसायचे बंद. त्यांना मी कधी बोल लावला नाही. येणं म्हणजे हजेरीपटावरच्या फुल्या मोजणं नव्हे रे. ज्याला जेव्हा येता येईल तेव्हा तो आला पाहिजे, आणि येता येणार नसेल तर सांगून गेला पाहिजे.

आणि दोन नंबरचा आमचा पोरगा. काजूच्या फॅक्टरीत कामाला होता. पळायला मध्यम, डावा पाय नावालाच. पण मैदानाची चुन्याची रेघ तो मारायचा, बॉलमध्ये हवा तो भरायचा, काळोख पडला की झुडपातला बॉल शोधायलाही तोच. तीन वर्षांत तो किती दिवस आला नाही ते मी बोटांवर सांगेन.

आता तुझा मुद्दा घेतो, कारण तो खोटा नाही. तुझा राइट बॅक हळू आहे. गोव्याचा तो पोरगा वेगवान आहे, दोन्ही पायांनी खेळतो, आणि पैसे देणारा देणगीदारही तयार आहे. फायनलला समोरचा विंगर पाणी पाजेल असं तुला वाटतं. बरोबर. मग बॅकलाइनकडे, म्हणजे मागच्या चौघांच्या ओळीकडे, नीट बघ. ऑफसाइड ठरतो तो बॉल मारला त्या क्षणाला, गोलकीपर धरून मागून दुसरा जो आपला माणूस, त्याच्याही पलीकडे त्यांचा खेळाडू असला तर. तुझे चौघे एकदम वर सरकले तर त्यांचा विंगर कितीही पळो, ऑफसाइडचा झेंडा वर जातो. पण चौघांतला एक दोन पावलं मागे राहिला की सगळे ऑनसाइड. तुझा स्टॉपर "वर" असं ओरडतो तेव्हा तुझा हळू राइट बॅक अर्ध्या सेकंदात वर येतो, हे मी गेल्या महिन्यात बांधावर बसून पाहिलंय. तो आवाज त्याच्या अंगात मुरलाय. पाहुण्याला तो आवाज सकाळी चहा पिताना शिकवणार आहेस का?

तू म्हणालास, कोल्हापुरातही बाहेरचे खेळाडू आणतात. आणतात. पण तिथे पेठेपेठेत फुटबॉल भिनलाय, शाहू स्टेडियममध्ये सीझन चालतो, आणलेला माणूस तालमीच्या पोरांबरोबर दिवसेंदिवस खेळतो. तो येणाराच झाला की मग. मॅचच्या सकाळी उतरणारा आणि संध्याकाळी पाकीट घेऊन जाणारा वेगळा.

१९६२ च्या जाकार्ता एशियाडची गोष्ट तुला मी आधी सांगितली असेन, परत ऐक. जर्नेल सिंग हा भारताचा बॅक. स्पर्धेत त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. कोच सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला बसवलं नाही, सेमीफायनलला सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवलं. बॅकला! त्याने सेमीफायनलला गोल मारला आणि फायनललाही मारला. दक्षिण कोरियाला २–१ हरवून सुवर्णपदक आलं. फायनलचा पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा. रहीमसाहेब तेव्हा स्वतः कॅन्सरने पोखरलेले होते, पुढच्या वर्षी गेले. लोक ह्या गोष्टीत जर्नेलची छाती बघतात. मला रहीमसाहेबांची नजर दिसते. टाके घातलेल्या बॅकला पुढे खेळवायचं हे कागदावर सुचत नाही. तो माणूस रोज डोळ्यांसमोर असावा लागतो.

आता माझं सांगतो. परवा सांगणार होतो, पण तुझ्या काकीने जेवायला हाक मारली आणि मला सुटल्यासारखं झालं.

कोकण रेल्वे सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी एकतीस वर्षांचा, कॅप्टन. ओळीने दोन फायनल हरलो होतो. "माशेवाल्यांनी रापणच ओढावी" असं समोरच्या गावातला एक मोठा माणूस भर बाजारात बोलला होता, आणि ते माझ्या छातीत काट्यासारखं रुतून बसलं होतं. तिसऱ्या फायनलला एका व्यापाऱ्याने शर्ट दिले आणि म्हणाला, एक चांगला बॅक आणतो, खर्च माझा. मी हो म्हणालो. तो माणूस सकाळच्या तेरेखोलच्या फेरीने आला. गुणी होता, शांत होता, त्याच्याबद्दल माझ्या मनात आजही काही वावगं नाही.

आमच्या पोराला मी मैदानावर पोचल्यावर सांगितलं. आदल्या रात्री सांगायचा धीर झाला नाही. तो म्हणाला, "तेकाच खेळवा, माझा काय नाय." आणि दोन नंबरचा शर्ट अंगातून काढून, उलटा झाला होता तो सुलटा करून, घडी घालून त्या माणसाला दिला.

हाफटाइमला तो लिंबं कापत होता. बाटल्यांच्या क्रेटवर बसून, मांडीवर ताटली घेऊन. गुरुवारच्या सरावात तो जांभ्यावर पडला होता, उजव्या तळव्याची साल गेली होती, आणि लिंबाचा रस त्यावरून मनगटापर्यंत ओघळत होता. हात झटकावा असंही त्याला वाटलं नाही. ताटली घेऊन उठला आणि पहिली फोड त्या पाहुण्याला दिली. मी बघत होतो. मला वाटलं, बघ, पोरगा किती समजूतदार आहे. असं वाटलं मला!

सेकंड हाफला त्या पाहुण्याने दबावाखाली बॉल मागे दिला, गोलकीपरच्या हाताच्या बाजूला. बॅकपास हातात घ्यायचा नाही हा नियम १९९२ साली आला. आमचा पोरगा आणि रापणकर दोघांनी ते महिनाभर घोटलं होतं. मागे द्यायचा तर डाव्या पायावर द्यायचा, म्हणजे रापणकर एका टचमध्ये बाहेर फेकील. पाहुण्याला हे कुठून ठाऊक? बॉल भलतीकडे आला, रापणकरने सवयीने छातीशी कवटाळला, शिट्टी वाजली. इनडायरेक्ट फ्री किक, गोलच्या तोंडावर. आमचे अकराही रेघेवर उभे, तरी गेला. १–१. शेवटी गुरुजींनी जन्मात पहिल्यांदा वेळेवर पास दिला आणि आम्ही २–१ जिंकलो.

हो, जिंकलो. हरलो असतो तर ही गोष्ट सोपी झाली असती आणि तू म्हणाला असतास की काका हरल्याचं खापर फोडतायत. कप घेऊन रात्री ट्रकमधून गावात आलो, फटाके फुटले. मीही नाचलो. तो पोरगा ट्रकमध्ये होता की नाही हे मला आजही आठवत नाही.

सोमवारी तो आला नाही. मंगळवारी नाही. मला वाटलं, रुसलाय, येईल. तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची आई आगोठीची, पावसाळ्याच्या बेगमीची, लाकडं रचत होती. म्हणाली, मामाबरोबर मुंबईला गेला.

पुढच्या पावसाळ्यात माळावर सात जण यायचे. व्यापाऱ्याने दुसरं गाव धरलं. कंडक्टर येईना म्हणून मी त्याला विचारलं, तर म्हणाला, यादी वरूनच येणार असेल तर मी मंगळवारचा कशाला धावत येऊ? त्याचं चूक नव्हतं. आणि रापणकर, जो एरवी बोलायचाच नाही, मला वाळूत बसवून म्हणाला, "जेचो दोरयेक हात, तेचो वाटो. माशे गावांदेत, नाय गावांदेत." रापणीत तसंच असतं. दोरीला ज्यांचे हात लागले त्यांच्यातच मासे वाटले जातात. किनाऱ्यावर येऊन कोणी कितीही तगडा माणूस नुसता उभा राहिला तर त्याला वाटा नाही.

मी चुकलो. पण मला काय माहीत होतं? दोन फायनल हरलेल्या माणसाला विचार, बाजारात मान खाली घालून मासे घेतलेल्या माणसाला विचार. मला वाटलं, कप आला की सगळ्यांचाच होईल, त्या पोराचाही होईल. वाईट हेतूने केलं नाही मी. तीस वर्षं मी स्वतःला हेच सांगतोय आणि तुला लिहिताना हात परत तिथेच वळला. तू मात्र कोणी सांगितलं नव्हतं असं म्हणू शकणार नाहीस. मी सांगतोय. रोज येणारा खेळला पाहिजे.

तुझ्या त्या स्ट्रायकरचंही बोलून टाकतो. सावंतवाडीला कॉलेजात आहे, मान्य, पण शनिवार-रविवार तो घरी असतो आणि सराव सोडून बाजारात फिरतो. पायात जादू आहे पोराच्या, मी पाहिलीय. त्याला बेंचवर ठेव. एकदा ठेव. बापाचा फोन येईल, माझा नंबर दे. आणि उद्या तू स्वतः चार दिवस आला नाहीस तर स्वतःचं नाव खोड, तिथे पेन अडखळता कामा नये.

राइट बॅक खरंच दमतो, म्हणतोस. मग शेवटच्या वीस मिनिटांत बदल. नियमाने आता पाच बदली खेळाडू घेता येतात, २०२० मध्ये कोविडमुळे तात्पुरते आले आणि मग कायम झाले. आपल्या टूर्नामेंटवाल्यांनी किती ठेवलेत ते विचारून घे. बदली म्हणून तुझा तो दहावीतला पोरगा उतरव. तोही रोज येतो, आणि त्याला अजून कोणी बॉलला पाय लावू दिलेला नाही.

आमचा तो पोरगा आता केस पिकलेला माणूस आहे. गणपतीला येतो. आरतीला आमच्याकडेही येतो, मोदक खातो, काकीची चौकशी करतो. फुटबॉलचा विषय त्याने कधी काढला नव्हता. ह्या वर्षी निघताना चप्पल घालता घालता विचारलं, "आसा मां अजून ग्राउंड?" मी म्हटलं, आसा. तो बरं म्हणाला आणि गेला. चल, बघून येऊ, असं मी म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही.

यादी शनिवारपर्यंत द्यायची आहे ना? मग उद्या संध्याकाळी तुझ्या राइट बॅकच्या घरी जा. फोन करू नकोस, मेसेज तर मुळीच नको. वाईट बातमी द्यायची नाहीये तुला, तरी जा. दोन नंबरचा शर्ट घेऊन जा. आणि येताना बाजारातून नायलॉनची सुतळी आण, समुद्राकडच्या गोलची जाळी खालच्या कोपऱ्यात फाटलीय. रविवारी सकाळी मी माळावर येतो, दोघे मिळून शिवू.

तुझा,
काका