उत्तर: पर-पॅकेट आजच बंद करा, आणि पिंगवर विसंबू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. एक-एक गिगाबिटच्या दोन लिंक, ओएसपीएफमध्ये (राउटर ज्याने वाट ठरवतात तो प्रोटोकॉल) दोन्हींची कॉस्ट, म्हणजे वाटेचं वजन, सारखी, तरी एक ८५ टक्क्यांवर आणि दुसरी २० वर. कुणीतरी सुचवलं म्हणून पर-पॅकेट, म्हणजे पॅकेट आलटून पालटून दोन्ही लिंकवर टाकणं, चालू केलंत, ग्राफ अगदी जुळले, आणि तेव्हापासून फाइल कॉपी रखडतेय, कॉलवर आवाज तुटतोय. वर लिंक पुरवठादाराचं उत्तर, "पिंग क्लीन आहे" (पिंग म्हणजे छोटं चाचणीचं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते पाहणं). हे दुखणं पुरतं ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मॉडेल आणि व्हर्जन तुम्ही दिलेलं नाही, त्यामुळे कमांड देत नाही. काहीही बदलण्याआधी कॉन्फिगचा बॅकअप घ्या.

आधी पर-पॅकेट बंद करा. १५०० बाइटचं पॅकेट एक गिगाबिटच्या तारेवरून जायला साधारण १२ मायक्रोसेकंद लागतात. एका लिंकच्या क्यूमध्ये (रांगेत) ५० पॅकेट साचली असतील तर त्यामागचं पॅकेट ६०० मायक्रोसेकंद उशिरा पोचतं, आणि तेवढ्यात मोकळ्या लिंकवरून त्याच्या मागची पॅकेट पुढे निघून जातात. घेणाऱ्याला मध्ये खंड दिसतो, तो पोचपावती म्हणून तेच तेच अ‍ॅक पाठवत राहतो. असे तीन डुप्लिकेट अ‍ॅक आले की पाठवणारा टीसीपी (डेटा नीट पोचवणारा प्रोटोकॉल) पॅकेट हरवलंच असं धरून ते पुन्हा पाठवतो आणि वेग उतरवतो. हरवलेलं काहीच नसतं. लिनक्सचा नवा टीसीपी हा उलटसुलट क्रम बराच सांभाळून घेतो, पण समोरचं प्रत्येक यंत्र तसं असेलच असं नाही. आवाजाच्या पॅकेटांचं तर विचारूच नका: जिटर बफरच्या (पॅकेटांसाठी थोडं थांबणाऱ्या साठ्याच्या) मुदतीनंतर आलेलं पॅकेट फेकूनच दिलं जातं.

राउटर मुळात फ्लो (एका संवादाची सगळी पॅकेट) वाटतो, सुटं पॅकेट नाही. एफआयबीमध्ये (राउटरच्या फॉरवर्डिंग टेबलात) सर्वात लांब जुळणारा प्रिफिक्स, म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा भाग, सापडला की त्यापुढे नेक्स्ट-हॉपचा (पुढच्या टप्प्यांचा) गट असतो. दोन्हीकडचे पत्ते, प्रोटोकॉल आणि दोन्ही पोर्ट (संवाद ओळखायचे क्रमांक) यांचा हॅश, म्हणजे ठरावीक सूत्राने एक आकडा, काढून त्या गटातला एक निवडायचा. एका फ्लोचा हॅश कायम तोच, म्हणून वाट तीच आणि क्रम शाबूत. तेव्हा ५०-५० चा हट्ट सोडा. ६०-४० असेल आणि क्यूमध्ये ड्रॉप (फेकलेली पॅकेट) नसतील तर मी हातही लावणार नाही.

८५-२० मात्र तपासायला हवं. नेटफ्लो (राउटरने ठेवलेली फ्लोंची नोंद) बाइटच्या उतरत्या क्रमाने लावा आणि वरचे १० फ्लो पाहा. बहुतेक वेळा तिथे एकाच सेशनचा बॅकअप किंवा टनेल (इतर पॅकेट आत गुंडाळून नेणारा मार्ग) सापडतो. जीआरई किंवा आयपीसेक (एन्क्रिप्टेड) टनेलच्या आत हजार माणसं असली तरी बाहेरून तो एकच फ्लो, म्हणजे एकच लिंक. बॅकअप ४ ते ८ स्ट्रीममध्ये तोडा. टनेल असेल तर आतल्या हेडरवर हॅश करण्याची सोय बॉक्सला आहे का ते पाहा. आयपीसेकला ती लागू नाही, तिथे टनेलच दोन करावे लागतात. हॅशमध्ये फक्त पत्ते धरले असतील तर पोर्टही घ्या. लिनक्स राउटरवर मल्टिपाथ हॅश पॉलिसी मुळात ० असते, म्हणजे फक्त पत्ते; ती १ केली की पोर्ट धरले जातात.

प्रमाण १००-० च्या जवळ असतं तर संशय पोलरायझेशनवर घेतला असता. वरच्या राउटरने सम हॅशचे सगळे फ्लो खालच्या एका राउटरकडे दिले, त्यानेही तोच हॅश काढला, तर त्याच्याही हिशेबात ते सगळे समच. दुसरी लिंक उपाशी. प्रत्येक राउटरला वेगळा हॅश सीड (सूत्राचा आरंभीचा आकडा) दिला की हे सुटतं.

आता पिंग. माझ्या मते खरा घात इथेच होतो. आमच्या तक्रारीवर पुरवठादाराच्या कक्षाने तीन आठवडे दर वेळी १०० पिंगचा निकाल जोडून तिकीट बंद केलं, आणि दोष होता एकत्र बांधलेल्या लिंकच्या बंडलमधल्या चारपैकी एका लिंकवर. पिंगला पोर्ट नसतात. त्याच दोन पत्त्यांमधलं पिंग दर वेळी सहसा एकाच लिंकवरून जातं. ती धडधाकट असेल तर हजार पिंगही स्वच्छच दिसणार. तिकडे खराब लिंकवर पडलेले लोक ओरडत असतात आणि शेजारचा म्हणतो, माझं तर चालतंय. तक्रार घेणाऱ्याला एवढं माहीत असायलाच हवं. याची चीड अजून गेलेली नाही.

म्हणून आयपर्फ३ (वेग मोजायचं साधन) १६ समांतर स्ट्रीमने चालवा. प्रत्येकाचा सोर्स पोर्ट वेगळा, त्यामुळे दोन लिंकवर सगळे १६ एकाच बाजूला पडण्याची शक्यता ३२,७६८ मध्ये एक. रिट्रान्समिटचा (पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांचा) रकाना पाहा: काही स्ट्रीमवर शून्य आणि काहींवर शेकडो, असे दोन सरळ गट पडले तर एक लिंक आजारी आहे. मग दोन्ही टोकांना सीआरसी काउंटर (बिघडून आलेल्या पॅकेटांची मोजणी) १० मिनिटांच्या अंतराने दोनदा नोंदवा. चूक घेणाऱ्या टोकाला मोजली जाते, म्हणून आपल्याच बाजूचं पाहून भागत नाही. खात्रीसाठी संशयित लिंकची कॉस्ट दोन्ही टोकांना वाढवून ट्रॅफिक तिच्यावरून उतरवा. इंटरफेस थेट बंद करू नका. तिकिटात हे आकडे घाला. त्यापुढे पिंगचं उत्तर टिकत नाही.

बाकी किरकोळ. ग्राफ पाच मिनिटांच्या सरासरीचा असेल तर त्याला फार मान देऊ नका: एक मिनिट लिंक तुडुंब आणि चार मिनिटं रिकामी, तरी तो २० टक्केच दाखवतो. आउटपुट ड्रॉप पाहा. जीआरई असेल तर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४७६ आणि एमएसएस (त्यातल्या टीसीपी डेटाचा कमाल आकार) १४३६ ठेवा. नाहीतर पॅकेट तुटतं, आणि तुटलं की मागच्या तुकड्यांत पोर्ट नसतात आणि ते भलत्याच लिंकवर जाऊ शकतात. ज्युनिपरचा राउटर असेल तर एक अपवाद: तिथल्या पॉलिसीत 'पर-पॅकेट' लिहिलेलं असलं तरी आजच्या बॉक्सवर वाटप फ्लोनुसारच होतं, आणि ती ओळ काढलीत तर फॉरवर्डिंग टेबलात एकच नेक्स्ट-हॉप उरतो. तसं असेल तर वरचं "बंद करा" तुम्हाला लागू नाही, थेट सीआरसीपासून सुरुवात करा.

मॉडेल, वरचे १० फ्लो आणि दोन्ही टोकांचे काउंटर इथे टाका, मग पुढचं बघू.