चित्रे वापरली म्हणून मूल बोलायचे थांबत नाही

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाशी संवाद साधण्यासाठी चित्रांचा उपयोग करून पाहा, असे सुचवले की बहुतेक पालक आधी गप्प होतात आणि मग एकच काळजी बोलून दाखवतात. सोलापुरातील एका आईने ती मला अगदी सरळ विचारली : "चित्रं दाखवून काम भागायला लागलं, तर हा तोंड कशाला उघडेल ओ मॅडम?" मुलाने कधीतरी 'आई' म्हणावे याची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या बाईला हातातले कार्ड म्हणजे त्या आशेवर सोडलेले पाणी वाटते, म्हणून हा प्रश्न मी कधीही हलका मानत नाही. या कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून तो अनुभव येथे मांडत आहे.

मुलगा साडेपाच वर्षांचा होता. वडील यंत्रमाग कारखान्यात पाळीवर जात, आई घरी टॉवेलच्या कडा शिवून देई आणि मुलाचे बहुतेक सारे आजी पाही. श्रवणचाचणीत त्याला नीट ऐकू येत असल्याचे स्पष्ट झाले होते आणि बालविकासतज्ज्ञांनी स्वमग्नतेचे निदान केले होते. त्याच्याकडे शब्द अजिबात नव्हते असे नाही, परंतु ऐकलेले वाक्य तो जसेच्या तसे उच्चारी. तहान लागली की तो "पाणी पाहिजे का?" म्हणे, कारण पाणी मिळण्याआधी त्याच्या कानावर नेहमी हेच पडत आले होते, आणि घरातले कोणीतरी "मला नको रे" असे उत्तर देऊन कामाला लागे. बाकीच्या गोष्टी आजी त्याच्या नजरेवरून ओळखे आणि मागण्याआधीच पुढे करी. त्यामागे निखळ माया होती, मात्र त्यामुळे कोणाकडे जाऊन काही मागावे अशी वेळच त्याच्यावर येत नव्हती. अंदाज चुकला, की तो स्वतःचे मनगट चावून घेई.

आईला मी प्रथम हे समजावले, की आपल्या मनातली गोष्ट दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचवता येते आणि तो माणूस त्यावर काही करतो, हे मुलाला उमगणे ही पहिली पायरी आहे. ती शब्दाने चढता येत नसेल तर चित्राने चढू द्यावी. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये अमेरिकेत चित्रांच्या देवाणघेवाणीची पद्धत विकसित केली, ती याच विचारावर. अशा पद्धतींचा आजवर जो अभ्यास झाला आहे, त्यात चित्रांमुळे मुलाचे बोलणे खुंटते असे दिसून आलेले नाही. काही मुलांचे बोलणे उलट थोडे वाढलेले दिसले. प्रत्येक मूल बोलू लागेल असे वचन मात्र कोणीही देऊ नये, आणि मीही ते दिले नाही.

आम्ही सुरुवात कडक भाकरीपासून केली. ती मोडताना होणारा आवाज त्याला फार आवडे. बाजारातली छापील चित्रे न घेता घरच्याच भाकरीचे मोबाईलवर छायाचित्र काढून त्याचे कार्ड केले. आई भाकरीचा तुकडा घेऊन समोर बसे. वडील त्याच्या मागे बसत आणि एक शब्दही न बोलता त्याचा हात कार्ड उचलून आईच्या हातात देण्यापर्यंत नेत. कार्ड हातात पडताच आई "भाकरी" म्हणून तुकडा देई. "हे काय आहे? आधी सांग, मग देईन" असे विचारायचे नाही, ही अट पाळणे आजीला सर्वांत जड गेले. मुलाचे रोजचे जेवण कार्डासाठी कधीही अडवायचे नाही, हेही मी बजावून सांगितले होते. वडिलांनी मदत हळूहळू कमी केली, आई थोडी लांब बसू लागली आणि एके दिवशी तो कार्ड घेऊन स्वयंपाकघरात शिवणकाम करत बसलेल्या आईपर्यंत आपणहून गेला. पाण्याच्या बाबतीत प्रश्न विचारणे थांबवून, तो ज्या शब्दांत मागू शकेल तेच शब्द, म्हणजे "पाणी पाहिजे", घरचे पेला देताना म्हणू लागले.

त्यानंतर 'नको'चे कार्ड आणले. माझ्या मते मागण्याइतकेच, कधी त्याहून अधिक, नाकारता येणे महत्त्वाचे असते. ज्याला नकार सांगता येत नाही त्याच्यापाशी चावणे आणि ओरडणे एवढेच उरते. त्याने कार्डाबरोबर पहिला स्पष्ट शब्द उच्चारला तो 'नको' हाच. आजी हिरमुसली, पण मला मनापासून आनंद झाला, कारण त्या दिवशी मिक्सरच्या आवाजाला त्याने मनगट न चावता विरोध केला होता आणि आईने मिक्सर खरोखर बंद केला होता.

दैनंदिन कौशल्यांसाठी आम्ही शेवटच्या टप्प्यापासून मागे जाण्याची रीत वापरली. आंघोळीत बाकी सारे आई करी आणि अखेरचा तांब्या त्याने स्वतः अंगावर ओतायचा. ते जमल्यावर शेवटचे दोन तांबे, मग साबण धुणे. त्यामुळे प्रत्येक वेळी काम त्याच्याच हातून पूर्ण होई. नळाला पाणी येण्याच्या दिवशी भांड्यांच्या खणखणाटाने त्याचा सारा क्रम विस्कटे, म्हणून त्या सकाळी भिंतीवरच्या दिनक्रमात बादलीचे चित्र सर्वांत वर लावले जाऊ लागले.

आज त्याचे बोलणे मोजक्या शब्दांचे आहे, कार्डे पुष्कळ आहेत आणि शर्टाची बटणे अजून वडीलच लावतात. आईने तो पहिला प्रश्न पुन्हा विचारलेला नाही. सध्या आम्ही शरीराच्या चित्रावर बोट ठेवून दुखणारी जागा दाखवण्याचा सराव करत आहोत, कारण गेल्या उन्हाळ्यात त्याचा कान दुखत होता आणि ते घरात कोणालाही कळले नव्हते.