फिलिपिन्सचे स्पॅनिशकालीन कागद वाचायला घेताना

आधी तारीख तपासा. स्पॅनिश लोक मेक्सिकोमार्गे, म्हणजे पॅसिफिक ओलांडून पश्चिमेकडे येत आल्याने मनिलाचा दिवस शेजारच्या मकावपेक्षा (चीनच्या किनाऱ्यावरची पोर्तुगीज वसाहत) एकाने मागे असे. गव्हर्नर-जनरल क्लाव्हेरियांच्या आदेशाने 31 डिसेंबर 1844 गाळला गेला. सोमवार, 30 नंतर थेट बुधवार, 1 जानेवारी 1845. त्यामुळे त्याआधीचे मनिलाचे कागद मकावच्या पोर्तुगीज कागदांशी जुळवताना मनिलाच्या तारखेत एक दिवस मिळवा. टिपणात मूळ तारीखही ठेवा, नाहीतर पुढे कुणी पुन्हा एक दिवस मिळवतो.

आडनावं तर फारच फसवतात. 21 नोव्हेंबर 1849 च्या फर्मानाने छापील यादीतून आडनावं वाटली गेली, काही ठिकाणी गावागणिक एकेक अक्षर. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात 'र'ची आडनावं म्हणूनच दाटलेली दिसतात. आडनाव स्पॅनिश म्हणजे पूर्वज स्पॅनिश, हे गृहीत धरू नका. 1849 मागे वंशावळ नेताना बाप्तिस्म्याच्या नोंदीतलं नाव, आई-वडील आणि बारांगायचा (गावातल्या सर्वांत लहान वस्ती-गटाचा) प्रमुख अशा तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय माणूस तोच मानू नका.

आणि 'कालांतियावची संहिता' वसाहतपूर्व कायदा म्हणून कुठे दिसली, तर बाजूला ठेवा. इतिहासकार विल्यम हेन्री स्कॉट यांनी 1968 मध्ये ती बनावट ठरवली, तरी जुन्या पाठ्यपुस्तकांत ती सापडतेच.