संध्याकाळी आई म्हणते, ‘मला घरी सोड’

स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांच्या वागण्याबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आई ७६ वर्षांची आहे, अल्झायमरचं निदान होऊन तीन वर्षं झाली. चाळीस वर्षं याच घरात राहतेय, पण साडेपाच वाजले की कपड्यांचं गाठोडं बांधते आणि ‘मला घरी सोड’ म्हणते. ‘अगं, हेच तुझं घर’ म्हटलं की भडकते. परवा हात उगारला. (सातारा)

‘हेच तुझं घर’ हे वाक्य आजपासून बंद. ते खरं असलं तरी आईला वाटतं, तुम्ही तिला फसवताय. तिच्या मनातलं घर बहुधा माहेरचं असतं. कधी त्याचा अर्थ ‘इथे मला काही बरं वाटत नाही’ एवढाच असतो.

कातरवेळेची ही घालमेल या आजारात नेहमीची आहे. मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळ बिघडलेलं असतं, दिवसभराचा शीण साठलेला असतो आणि उजेड कमी झाला की सावल्या माणसांसारख्या दिसू लागतात. म्हणून तयारी दुपारपासून करा. दुपारची झोप तीनच्या आत आटपावी, फार तर अर्धा-पाऊण तास. तीननंतर चहा नको. साडेचारला राजगिऱ्याचा लाडू किंवा दूध-पोहे द्या, कारण भूक लागलीय हे तिला सांगता येईलच असं नाही. लगेच बाथरूमला नेऊन आणा. लघवीला लागलीय पण ते कळत नाहीये, यातूनही येरझाऱ्या सुरू होतात. दिवेलागणीपर्यंत थांबू नका, अंधारून येण्याआधीच घरातले सगळे दिवे लावा आणि पडदे ओढा. बाहेर अंधार पडला की खिडकीच्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं, ते तिला परकं माणूस वाटू शकतं. टीव्हीवरच्या बातम्या आणि मारामारीच्या मालिका बंद. हातात काम द्या : मटार सोलणं, वाती वळणं, कपड्यांच्या घड्या. घड्या वाकड्या झाल्या तर तिच्यासमोर नीट करू नका. सकाळी अर्धा तास गॅलरीत उन्हात बसवा, त्याचा उपयोग रात्रीच्या झोपेला होतो.

इतकं करूनही गाठोडं बांधलंच, तर ‘घरी कोण कोण आहे गं?’ असं विचारा आणि बोलू द्या. मग ‘चल, चप्पल घाल’ म्हणून खाली एक चक्कर मारून आणा. परतताना बऱ्याचदा ती आपणहून घरात शिरते. तिचे वडील वारलेत, ते घर विकलंय, हे सांगू नका. ती बातमी तिला दर वेळी नव्याने कळते. हात उगारला तर दोन हात मागे सरका, बाजूला उभे राहा, मनगट धरू नका आणि दारात वाट अडवून उभे राहू नका.

प्रश्न : सासरे आंघोळीला तयारच होत नाहीत. पाचव्या दिवशी दोघांनी धरून घातली, तर आरडाओरडा करून इमारत गोळा केली. (डोंबिवली)

त्यांच्या बाजूने पाहा. थंड फरशी, अंगावर कपडा नाही, समोर सून, आणि कुणीतरी डोक्यावरून पाणी ओततंय. डोक्यावर पाणी पडलं की क्षणभर काही दिसत-ऐकू येत नाही. मेंदू आधीच गोंधळलेला असेल तर तो हल्लाच वाटतो. त्यात पांढऱ्या फरशीवर पांढरी बादली ठेवली तर पाणी कुठे आहे, किती खोल आहे, हे त्यांना उमगत नाही. गडद रंगाची बादली आणि लोटा आणा.

‘आंघोळ करायची का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’ येणारच. ‘बाबा, पाणी काढलंय, चला’ म्हणावं. आंघोळीची वेळ त्यांची आयुष्यभराची असेल तीच ठेवा. सून असल्याने तुम्ही बाहेर थांबा. मुलगा किंवा पुरुष मदतनीस असू दे. टॉवेल, कपडे, साबण सगळं आधी आत ठेवा, पाणी कोपराने तपासून कोमट करा. पाठ टेकता येईल असं प्लॅस्टिकचं स्टूल, खाली रबरी जाळी आणि भिंतीत पक्का ठोकलेला आधाराचा दांडा हवा. टॉवेल टांगायचा दांडा माणसाचं वजन पेलत नाही, पडल्यावर हे कळतं. एक टॉवेल खांद्यांवर आणि एक मांडीवर असू द्या, त्याच्याखालूनच अंग धुवायचं. सुरुवात पायांपासून करा आणि लोटा त्यांच्याच हातात द्या. एका वेळी एकच सूचना : ‘पाय पुढे घ्या.’ ते झालं की पुढची. डोकं वेगळ्या दिवशी धुवा.

आठवड्यातून दोन-तीनदा पूर्ण आंघोळ पुरते. बाकी दिवशी चेहरा, काखा, जांघा ओल्या फडक्याने पुसून कोरड्या करा. रोज आंघोळ झालीच पाहिजे हा हट्ट बहुतेक वेळा आपला असतो.

प्रश्न : आजी बारा वर्षांच्या जुन्या कामवाल्या मावशींवर बांगड्या चोरल्याचा आळ घेते. मावशी काम सोडायला निघाल्यात. (नागपूर)

वस्तू कुठे ठेवली हे आठवत नाही, पण ती जागेवर नाही हे दिसतं. मधली रिकामी जागा मेंदू ‘चोरी’ने भरतो. हे जुनंच दुखणं आहे. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या रुग्णाची माहिती मांडली, त्या बाईंच्या आजाराची सुरुवातच नवऱ्यावरच्या संशयाने झाली होती, आणि त्याही वस्तू इकडेतिकडे लपवत असत.

वाद घालू नका, पुरावेही मागू नका. ‘अरे, गेल्या का? चला, शोधू’ म्हणत बरोबर शोधा. तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, गादीखाली, जुन्या साड्यांच्या घड्यांत पाहा. केराची बादली रिकामी करण्याआधी आणि कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी चाचपून घ्या. खरे दागिने लॉकरमध्ये ठेवून हातात बेंटेक्सच्या बांगड्या द्या. पर्समध्ये दहा-दहाच्या नोटा असू द्यात. मावशींना आजाराची माहिती आजीसमोर नको, बाजूला घेऊन द्या, आणि तुमचा विश्वास आहे हे स्पष्ट सांगा. फक्त एकदा, गाजावाजा न करता, वस्तू खरंच घरात आहे ना हे पाहून घ्यावं. आजारी माणसाचं म्हणणं कधीतरी खरंही असतं.

प्रश्न : बाबा शांत असायचे. तीन दिवसांपासून रात्रभर जागे, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतात, दिवसा गुंगीत. घरात झोपेच्या गोळ्या आहेत, त्या देऊ का? (कोल्हापूर)

नको, आजच डॉक्टरांना दाखवा. स्मृतिभ्रंश महिन्या-महिन्यांनी वाढतो. दोन-तीन दिवसांत माणूस पालटला तर आत दुसरंच काहीतरी घडतंय असं धरून चालायचं. लघवीतला जंतुसंसर्ग (वयस्करांत जळजळ वा ताप नसतानाही असू शकतो), न्यूमोनिया, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, लघवी होण्याच्या गोळीमुळे घटलेलं सोडियम, दुखणारा दात. गेल्या काही आठवड्यांत पडले असतील तर ते आवर्जून सांगा, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर.

औषधांच्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, दुकानातून आणलेल्यासुद्धा. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन किंवा लघवी आवरण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन गोंधळ वाढवतं. स्मृतिभ्रंशासाठीची डोनेपेझिल ही गोळी रात्री घेतल्यास काहींना भयानक स्वप्नं पडतात. ती सकाळी देता येईल का हे विचारा.

रिस्पेरिडोनसारखी औषधं आक्रमकपणा आवरेनासा झाला, जिवाला धोका वाटू लागला, तर डॉक्टर लिहितात. पण अशा रुग्णांत त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला. त्यामुळे अगदी कमी मात्रा, आणि ‘ही कधी बंद करायची?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत. लेवी बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश असेल तर याच कामासाठी दिल्या जाणाऱ्या हॅलोपेरिडॉल या औषधाने अंग लाकडासारखं ताठू शकतं. निदानाचा कागद सोबत हवाच.

प्रश्न : बाहेर जाताना आजोबांना आत ठेवून कुलूप लावलं तर चालेल का? (पुणे)

नाही. आग लागली, ते पडले, तर दार उघडणारं कुणी नसतं. शेजाऱ्यांपैकी कुणाला तरी त्यांच्याजवळ बसवून जा. घरात माणूस असताना कडी दाराच्या अगदी वर किंवा तळाशी लावा, कारण नजर नेहमीच्या उंचीवरच कडी शोधते. दाराला घंटी बांधा. शर्टाच्या खिशात नाव आणि तुमचा नंबर असलेलं कार्ड ठेवा, सोसायटीच्या वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या वाण्याला सांगून ठेवा. आज कोणते कपडे घातलेत त्याचा रोज सकाळी फोनमध्ये फोटो काढा. दिसेनासे झाले तर आधी जवळपास, जिने आणि गच्ची बघा. पंधरा मिनिटांत सापडले नाहीत तर ११२ ला फोन. चोवीस तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे.