गुंतवलीस की गुंतलीस?

भुसावळहून एका ताईंनी विचारलंय: त्यांची मैत्रीण म्हणते, "त्याच्यात चार वर्षं गुंतवणूक केली, आता सोडू कशी?" प्रेमाला हा बाजारातला शब्द कशाला? आणि तो इंग्रजीवरून उचललेला तर नाही?

नात्याविषयी तो असा वापरण्याचं वळण इंग्रजीचं आहे, हे खरं. शब्द मात्र अस्सल आपला. 'गुंतणे'चं 'गुंतवणे' झालं आणि त्याला 'णूक' लागलं, फसवणूक-अडवणूक यांच्यासारखंच. 'इन्व्हेस्टमेंट' या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं वस्त्र आहे. आपल्या शब्दाच्या मुळाशी गुंता आहे, अडकलेला धागा. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

भाव पडल्यावर रावेरकडचा शेतकरी म्हणतो, "पैसा बागेत गुंतलाय." ऐन निसवणीत, म्हणजे घड बाहेर पडत असताना, केळी उपटून टाकता येत नाही, हे त्याला सांगायचं असतं. अहिराणीत पैसा गुंती जातो तसा जीवही: "मन्हा जीव गुंती गया."

अमेरिकेतल्या सामाजिक मानसशास्त्रज्ञ कॅरिल रसबल्ट यांनी १९८० मध्ये नात्यांबद्दल जे मांडलं, ते या क्रियापदाच्या अगदी जवळ जातं. सुखातून त्रास वजा करून उरेल तेवढ्यावरच माणूस नात्यात राहत नाही. दुसरीकडे काय मिळू शकेल आणि इथून उठलो तर काय बुडेल, हेही तो बघतो. बुडणाऱ्या गोष्टी त्यांनी दोन प्रकारच्या धरल्या. आपण स्वतः घातलेल्या: वेळ, माया, विश्वासानं सांगितलेली गुपितं. आणि नात्याला आपोआप चिकटलेल्या: दोघांचे मित्र, आठवणी, घरातल्या वस्तू. मराठीत पहिल्या 'गुंतवलेल्या', दुसऱ्या 'गुंतलेल्या'. एका 'व'मध्ये केवढा भेद मावला!

जळगावच्या सराफ बाजारातला 'घडणावळ', म्हणजे दागिना घडवण्याची मजुरी, हा शब्दही इथे चपखल बसतो. दागिना मोडीत दिला की सोन्याचे पैसे मिळतात, घडणावळ गेली ती गेली. चार वर्षांतलं जे परत येणार नाही, त्याला मी तरी घडणावळच म्हणेन.

राहिलं मैत्रिणीचं वाक्य. "गुंतवणूक केली" म्हटलं की परताव्याची अपेक्षा ऐकू येते, आणि कर्ता ती स्वतः होते. "चार वर्षं गुंतलीत त्याच्यात" म्हटलं तर नुसती अडकल्याची कळ उरते. व्याकरणानं दोन्ही शुद्ध आहेत. तिच्या मनात यांतलं कोणतं आहे, ते तिलाच विचारा.