फिरला, पण मीम का झाला नाही?

प्रश्न : बेळगावी कुंदा (दूध आटवून केलेली मिठाई) कसा करतात यावरचा आमच्या मित्राचा दीड मिनिटाचा व्हिडिओ खानापूरपासून निपाणीपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरला. पण त्याची नक्कल कुणीच केली नाही. असं का? — एक वाचक, खानापूर

उत्तर : फिरणं वेगळं, रुजणं वेगळं. आवडलं की लोक पुढे ढकलतात. मीम करतात ते त्यात स्वतःला घुसवायला जागा असेल तरच. फेब्रुवारी २०२१ मधला ‘पावरी’चा व्हिडिओ आठवा. पाकिस्तानच्या दनानीर मोबीनने आधी गाडी दाखवली, मग माणसं, मग पार्टी. तीन तुकडे, काही सेकंद, आणि मुद्दाम वाकडा केलेला एक उच्चार, ‘पार्टी’चा ‘पावरी’. गाडीच्या जागी एसटी घाला, माणसांच्या जागी साहेब. साचा मोडत नाही. संगीतकार यशराज मुखातेने त्याला चाल लावली आणि नकलेला ठेकाही मिळाला.

तुमचा मित्र दीड मिनिटात सगळं सांगून मोकळा होतो, बदलायला काही उरतच नाही. तोच व्हिडिओ आठ सेकंदांवर आणा : ‘हे चार लिटर दूध. ही कढई. उरलं एवढंच!’ आता दुधाच्या जागी पगार, कढईच्या जागी हप्ते. आणि ‘एवढंच’ला ‘इष्टे’ म्हटलं की कन्नड मित्रांचीही सोय झाली.

चित्रावर मजकूर टाकताना दोनच ओळी, ठळक अक्षर. ओळींत अंतर सोडा, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला भिडतो. शिवाय फॉरवर्ड होता होता चित्र दबतं आणि बारीक अक्षर आधी जातं. मूळ व्हिडिओ मात्र खुला ठेवा. नकलाकाराला कच्चा माल लागतो.