गाडी तापली की झटके देते, आणि विक्रेता म्हणतो ‘दोष नाही’

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी मी ऑटोमॅटिक गिअरची नवी गाडी घेतली. वाहतूक कोंडीत बराच वेळ चालवून ती तापली की कमी वेगात झटके देते आणि कधी कधी उचलच घेत नाही. विक्रेत्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ती चार वेळा नेली. दोनदा सॉफ्टवेअर अपडेट केले, दोनदा ‘दोष आढळला नाही’ असे सांगून परत दिली. आता ‘या मॉडेलचे असेच असते’ असे सांगतात आणि मी बाहेरून बसवलेल्या मागच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून वॉरंटी रद्द होण्याची भाषा करतात. नवी गाडी मिळेपर्यंत ही तेथेच सोडून द्यावी, असा मित्रांचा सल्ला आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : नाही. दुरुस्ती झाल्याचे कळवूनही गाडी नेली नाही, तर विक्रेता जागेचे भाडे मागू शकतो. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, आणि मूळ दोषाची चर्चा बाजूला पडून ‘ग्राहकच गाडी न्यायला येत नाही’ हा नवा वाद सुरू होतो. गाडी ताब्यात घ्या. मात्र ती घेताना ‘काम समाधानकारक झाले’ अशा मजकुराखाली मुकाट्याने सही करू नका. सहीच्या वर ‘तक्रार कायम आहे’ एवढे शब्द स्वतःच्या हाताने लिहा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

आपल्या प्रकरणाचा खरा आधार चारही भेटींची जॉब कार्डे, म्हणजे गाडी घेताना सर्व्हिस सेंटर तक्रार आणि काम नोंदवते ते कागद, आहेत. ती काढून पाहा. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर पुष्कळदा घाईत ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहितो आणि ग्राहक तोंडी सांगितलेल्या तक्रारीवर विसंबून राहतो. पुढे कोणी कागद मागितला, तर त्या कागदात झटक्यांचा उल्लेखच सापडत नाही. तसे झाले असल्यास त्या भेटींच्या तारखा, त्या वेळचे किलोमीटर आणि सांगितलेली तक्रार एकत्र मांडून आजच ईमेल पाठवा. यापुढे ‘इंजिन गरम असताना, कमी वेगात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये’ असा नेमका मजकूर कार्डावर आल्याशिवाय किल्ली देऊ नका.

‘दोष आढळला नाही’ हे उत्तर दर वेळी लबाडीचेच असते, असे मला वाटत नाही. गाडी रात्रभर उभी राहून थंड होते, तंत्रज्ञ सकाळी मोकळ्या रस्त्यावर फेरी मारतो आणि तेव्हा गिअरबॉक्स निमूटपणे चालतो. विशेषतः कोरड्या प्रकारच्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या, दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स असेल, तर सतत थांबत-रांगत चालताना क्लच घसरून तापतो आणि झटके तेव्हाच जाणवतात. म्हणून संयुक्त चाचणी लेखी मागा : गाडी तापलेली असावी, आपण चालवावी आणि शेजारी गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडून तंत्रज्ञ बसलेला असावा. दोष नोंदला जातो त्या क्षणाचा वेग, इंजिनाचे फेरे आणि तापमान गाडीचा संगणक अनेकदा साठवून ठेवतो. स्कॅनरने कोड, म्हणजे संगणकाने केलेल्या दोषाच्या नोंदी, पुसले की ही माहितीही जाते. त्यामुळे काहीही पुसण्यापूर्वी छापील प्रत मागणे महत्त्वाचे आहे. त्याच दिवशी त्याच मॉडेलची दुसरी गाडी तशाच स्थितीत चालवून पाहण्याचाही आग्रह धरा. ती सुरळीत चालली, तर ‘असेच असते’ हा युक्तिवाद तेथेच संपतो. तीही झटके देत असेल, तर प्रश्न रचनेचा आहे आणि तो निर्मात्याकडे न्यायला हवा.

येथे विक्रेता आणि निर्माता हे सहसा दोन वेगळे व्यवसाय असतात, हे ध्यानात घ्या. वॉरंटी निर्मात्याची असते, आणि मोठा भाग बदलण्यापूर्वी विक्रेत्याला बहुधा त्याची मंजुरी लागते. कोड नसताना मंजुरी मिळणे अवघड, म्हणून सॉफ्टवेअरवर भागवण्याकडे कल असतो. पुढचे पत्र दोघांनाही एकदम, चासी क्रमांकासह पाठवा. कॅमेऱ्याबाबत एकच प्रश्न लेखी विचारा : त्या कॅमेऱ्यामुळे गिअरबॉक्समध्ये दोष कसा निर्माण झाला? मात्र तो बसवताना मूळ वायरी कापल्या असतील, तर ही आपली कच्ची बाजू आहे आणि ती आधीच तपासून घेतलेली बरी.

मागणी ठरवताना संयम ठेवा. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये क्लचच्याच एका वादात, वॉरंटीतील जबाबदारी सदोष भाग बदलण्याची आहे, पूर्ण गाडी बदलून देण्याची नाही, असे म्हटले होते. इतरत्र ग्राहकाची बाजू अधिक भक्कम आहे : ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत नाकारता येते, तर अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्येच वारंवार दुरुस्तीनंतरही न सुधारणाऱ्या गाड्यांसाठी वेगळा कायदा केला. भारतातील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आयोग वस्तूची योग्य प्रयोगशाळेत तपासणी करवून घेऊ शकतो, आणि तक्रारीसाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आश्वासनांच्या फेऱ्यांत ती मुदत संपू देऊ नका. पत्रात आधी क्लच किंवा गिअरबॉक्स बदलण्याची आणि त्या भागावर वाढीव वॉरंटीची मागणी करा. गाडी बदलून देण्याची मागणी त्यानंतर, पर्याय म्हणून लिहा.

प्रश्न : नवी गाडी ताब्यात घेताना एका दारावरच्या रंगाची छटा वेगळी दिसली. विक्रेता त्याबदल्यात मोफत अ‍ॅक्सेसरीज देऊ करतो. स्वीकाराव्यात का?

उत्तर : दार रंगवण्याची वेळ का आली, हे लेखी कळेपर्यंत स्वीकारू नयेत. रंगाची जाडी मोजण्याचे साधे उपकरण असते. कारखान्यातील रंग बहुतेक गाड्यांवर साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतो आणि शेजारच्या दाराशी तुलना केली की फरक लगेच कळतो. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने तेथे हे उपकरण सहसा उपयोगी पडत नाही. नोंदणी झालेली नसेल, तर दुसरी गाडी मागण्याची हीच वेळ आहे. तडजोड करायचीच असेल, तर दाराच्या दुरुस्तीचा स्पष्ट उल्लेख आणि किमतीतील सूट या दोन्ही गोष्टी बिलावर लिहून घ्या.